दिवसां कपडे ओले करणारें मूल

गेल्या महिन्यांत या सदरांत रात्रीं अंथरूण ओलें करणाऱ्या मुलांविषयीं विचार केला होता. त्या वेळीं दिवसाच्या तक्रारीस मुद्दामच हात घातला नाहीं. कारण वरवर पाहतां एकच वाटणाऱ्या या दोन गोष्टी मुळांत वेगळ्या आहेत. रात्रीं मूल झोपेंत असतें, आणि झोपलेल्या जीवाला दोष देतांना कठोर माणसाचीही जीभ अडखळते. दिवसां मात्र मूल जागें असतें, धांवत असतें, बोलत असतें, आणि तरीही त्याचे कपडे ओले होतात. मग घरांतील वडील माणसांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो हा कीं, “एवढा मोठा घोडा झालास, सांगतां येत नव्हतें?” बहुतेक वेळां या प्रश्नाचें खरें उत्तर “नाहीं, येत नव्हतें” हेंच असतें, परंतु तें देण्याइतकी समज मुलाला नसते, आणि ऐकून घेण्याइतका धीर विचारणाराला नसतो.

आजच्या लेखांत सांगावयाचें तें एवढेंच आहे. दिवसां कपडे ओले होणें हा मुलाचा अपराध नव्हे. बहुधा तें एका लांब सांखळीचें शेवटचें कडें असतें. त्या सांखळीचीं आधींचीं कडीं, म्हणजे अडवून धरलेली लघवी, कित्येक दिवस नीट न झालेलें शौच, शाळेंतील किळसवाणी मोरी आणि मोठ्या माणसांची घाई, हीं आपल्या दृष्टीस पडत नाहींत. ओली चड्डी तेवढी दिसते. जें दिसतें त्यावर आपण रागावतों, आणि जें सुधारतां येण्याजोगें आहे तें तसेंच राहतें.

प्रथम शरीराचा व्यवहार थोडक्यांत समजून घेऊं. मूत्रपिंडांत तयार झालेलें मूत्र हळूहळू मूत्राशयांत उतरतें. मूत्राशय ही स्नायूंची एक लवचीक पिशवी आहे. ती भरत असतां तिची भिंत सैल राहिली पाहिजे आणि तिच्या तोंडाशीं असलेला स्नायूंचा दरवाजा मिटलेला राहिला पाहिजे. रिकामी होतांना याच्या अगदीं उलट घडावें लागतें : भिंतीनें आवळावें आणि दरवाजानें सैल व्हावें. तान्ह्या बाळाचा हा सर्व व्यवहार आपोआप चालतो. तें दिवसांतून वीसएक वेळां लघवी करतें आणि त्याची त्याला खबरही नसते. पुढें दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं “पिशवी भरत आली” हा निरोप मेंदूला स्पष्ट कळूं लागतो, आणि त्यानंतर “जरा थांब, जागेवर पोंचूं दे” हा उलट निरोप मेंदू खालीं पाठवूं लागतो. दोन्ही निरोप वेळेवर पोंचले तरच कपडे कोरडे राहतात. हें शिक्षण बोलण्या-चालण्यासारखेंच आहे. कोणी तें लवकर घेतें, कोणी सावकाश.

बहुतेक मुलें चौथ्या वर्षाच्या सुमारास दिवसां कोरडीं राहूं लागतात. तथापि पांच वर्षें पुरीं होईपर्यंत अधूनमधून चुकण्याला रोग मानूं नये, असा या विषयांतील तज्ज्ञांचा संकेत आहे. पांच वर्षांनंतरही वरचेवर असें घडत असेल, किंवा सहा महिने व अधिक काळ उत्तम कोरडें राहिलेलें मूल पुन्हां कपडे ओले करूं लागलें असेल, तर मात्र कारण शोधावें. असें मूल आपल्याच घरीं आहे असें मानून कोणी खचूं नये. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून असें दिसतें कीं, सात वर्षांच्या मुलांत शेंकडा तीन-चारांपासून सात-आठांपर्यंत मुलांना ही तक्रार असते. म्हणजे प्रत्येक मोठ्या वर्गांत एखाददुसरें मूल हें दुःख दप्तराखालीं लपवून बसलेलें असतें.

मुलाच्या मूत्राशयांत किती मावतें याचा एक सोपा हिशेब आहे. वयाच्या वर्षांत एक मिळवून त्यास तीसनें गुणावें; जें उत्तर येईल तितके मिलिलिटर. सहा वर्षांच्या मुलाचा हिशेब २१० मिलिलिटर येतो. म्हणजे चहाचे फार तर दोन पेले. चार ते बारा वर्षांपर्यंत हा ठोकताळा उपयोगीं पडतो. या वयाच्या मुलानें दिवसभरांत साधारण ४ ते ७ वेळां लघवीस जावें. आठ वेळां किंवा त्याहून अधिक जाणारें मूल आईच्या लगेच लक्षांत येतें. पण तीन वेळां किंवा त्याहूनही कमी जाणाऱ्या मुलाचें आपण कौतुक करतों! “आमची ठकी सकाळीं एकदां जाऊन आली कीं शाळेंतून परत येईपर्यंत नांव काढीत नाहीं,” असें अभिमानानें सांगणारी आई पुष्कळ ठिकाणीं भेटते. तिला हें ठाऊक नसतें कीं, ठकीचा हा गुण नसून पुढच्या दुखण्याची ती पायरी असूं शकते.

आतां या मुलांचे प्रकार पाहूं. पहिला प्रकार घाईच्या मुलांचा. यांच्या मूत्राशयाची भिंत पिशवी पुरती भरण्याची वाट न पाहतां मध्येंच आवळूं लागते. “येत आहे” आणि “आली” यांमध्यें त्यांना दोन पळांचाही अवकाश मिळत नाहीं. अशी मुलगी खेळतां खेळतां एकाएकीं थबकते, मांड्या आवळते, किंवा चटकन खालीं बसून एका पायाची टांच मूत्रमार्गाशीं दाबून धरते आणि घटकाभर निश्चल राहते. व्हिन्सेंट यांनीं १९६६ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत या बसण्याचें वर्णन केलें. विलायतेंतील स्त्रिया राजासमोर गुडघे वांकवून जो मुजरा करीत त्यासारखें हें दिसतें, म्हणून वैद्यकांत त्याला व्हिन्सेंटचा मुजराच म्हणतात. आपल्या घरांत या मुजऱ्याला “काय हे चाळे?” असें म्हणून धपाटा मिळतो. वस्तुतः ती पोर त्या क्षणीं आपली अब्रू वांचविण्यासाठीं जिवाचा आटापिटा करीत असते.

दुसरा प्रकार अडवून धरणाऱ्या मुलांचा. खेळ अर्धा सोडवत नाहीं, हातांतील मोबाइल खालीं ठेववत नाहीं, किंवा शाळेच्या मोरींत पाऊल टाकवत नाहीं, म्हणून हीं मुलें लघवी दाबून ठेवतात. दाबण्याची संवय लागली कीं दरवाजाचे स्नायु इतके आवळलेले राहतात कीं, लघवीस बसल्यावरही ते पुरते सैल होत नाहींत. धार तुटक येते, पिशवी अर्धीच रिकामी होते, आणि उरलेल्या मुत्रांत जंतु वाढून जळजळ व ताप उद्भवतो. जंतूंमुळें पिशवी अधिक चिडते, आणि कपडे अधिक ओले होतात. वर्षानुवर्षें असें चालल्यास पिशवी ताणून तिची जाणीवच बोथट होते. १९७३ सालीं अमेरिकेंतील हिनमन व बाउमन यांनीं कांहीं मुलग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांच्या मज्जातंतूंत बिघाड नव्हता, मूत्रमार्गांत अडथळा नव्हता. केवळ लघवी करण्याच्या सदोष तऱ्हेमुळें त्यांच्या मूत्राशयास व मूत्रवाहिन्यांस इजा पोंचली होती. इतकी पाळी क्वचितच येते. परंतु ‘नुसती संवय’ म्हणून जी गोष्ट आपण सोडून देतों ती कोठवर जाऊं शकते, हें यावरून ध्यानांत यावें.

याखेरीज दोन लहान प्रकार आहेत. कांहीं मुलींना एरवीं कसलाही त्रास नसतो, पण खदखदून हंसूं लागल्या कीं सगळी पिशवी रिकामी होते. त्यांना मैत्रिणींच्या घोळक्यांत जाण्याची भीति वाटूं लागते, आणि हंसणें हेंच त्यांचें संकट होऊन बसतें. दुसऱ्या कांहीं मुली लघवी करून उठतात आणि पांच-दहा मिनिटांनीं त्यांची चड्डी ओलसर होते. गुडघे जुळवून, कपडे पुरते खालीं न घेतां बसल्यामुळें थोडी लघवी योनिमार्गांत शिरून राहते व उभें राहिल्यावर गळते. यास औषध लागत नाहीं. पाय पुरेसे फांकवून, किंचित् पुढें वांकून बसावयास शिकविलें कीं हा त्रास बहुधा थांबतो.

आणि आतां ज्याच्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं तें कारण : बद्धकोष्ठ. गुदाशय आणि मूत्राशय हे पोटाच्या तळाशीं अगदीं लागून असलेले शेजारी आहेत, आणि त्यांच्या दरवाजांचे स्नायूही पुष्कळसे एकत्र काम करतात. गुदाशयांत घट्ट मळ सांचून राहिला कीं तो मूत्राशयाला दाबतो, त्याची जागा कमी करतो आणि त्याला चिडवितो. १९९७ सालीं अमेरिकेंतील आयोवा येथील व्हेरा लोएनिंग-बाऊके यांनीं जुनाट बद्धकोष्ठाच्या २३४ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील शेंकडा २९ मुलें दिवसां कपडे ओले करीत होतीं. ज्यांचें बद्धकोष्ठ बरें झालें, त्यांच्यापैकीं दिवसां ओल्या होणाऱ्या शेंकडा ८९ मुलांची ही तक्रार नाहींशी झाली. मूत्राशयाला हात न लावतां मूत्राशयाचें दुखणें गेलें! “आमचा बंडू रोज जातो” एवढ्यावर आईनें निश्चिंत राहूं नये. रोज थोडेंसें होऊनही कोठा भरलेला असूं शकतो. मळ खड्यांसारखा किंवा फार जाड होतो का, जोर करावा लागतो का, चड्डीला डाग पडतात का, हें पाहावें. ते डाग नीट न धुतल्याचे समजून मुलाला बोल लावले जातात; खरें पाहतां भरलेल्या कोठ्यांतून मळ झिरपल्याची ती खूण असते.

वेग अडवूं नये ही शिकवण आपल्याला नवी नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सातव्या अध्यायाचें नांवच ‘नवेगान्धारणीय’ असें आहे. अडवूं नयेत अशा तेरा नैसर्गिक वेगांत मूत्राचा वेग पहिला सांगितला आहे, आणि तो अडविल्यानें बस्तीच्या ठिकाणीं शूळ, लघवीस कष्ट, डोकेदुखी, ओटीपोटाची तडस इत्यादि विकार होतात असें तेथें म्हटलें आहे. मुंज झालेल्या बटूस जानवें उजव्या कानावर ठेवून, खालीं बसून, मौन धरून हा विधि उरकावयास शिकविलें जात असे. त्यांतील धार्मिक भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडला, तरी बसावें, बोलूं नये, घाई करूं नये, हा नियम शरीराच्या दृष्टीनें अगदीं योग्य होता.

पण त्याच घरांत उलट शिकवणही चालत आली आहे. “पूजा आटोपूं दे,” “पंगत उठेपर्यंत बस,” “सोवळ्यांत आहेस, आतां गेलास तर पुन्हां अंघोळ करावी लागेल,” “पाहुण्यांसमोर असें विचारूं नये,” अशीं वाक्यें आपण सहज बोलून जातों. मुलाला त्यांतून एकच बोध मिळतो कीं, शरीरानें कांहीं मागितलें तर तें लाजिरवाणें असतें व तें दडपणें म्हणजे शहाणपण. शाळेंत हा धडा पक्का होतो. करंगळी वर केलेल्या मुलाला “आत्तांच तर सुटी झाली, बस खालीं” असें उत्तर मिळतें. सुटी दहा-पंधरा मिनिटांची, रांग लांब, दाराला कडी नाहीं, नळाला पाणी नाहीं. मुली तर सकाळपासून पाणीच पीत नाहींत, म्हणजे जावयाला नको. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यानें शाळेंत मुलांसाठीं व मुलींसाठीं वेगळीं स्वच्छतागृहें असलींच पाहिजेत असें ठरविलें आहे. परंतु इमारतींत खोली असणें निराळें आणि ती स्वच्छ, उघडी व भयरहित असणें निराळें. केरळांत २०१९ सालीं शाळांतून पाणी पिण्याची स्वतंत्र घंटा वाजविण्याची प्रथा सुरू झाली. अशा घंटेच्या पाठोपाठ लघवीस जाण्याची मुभाही असली, तर कित्येक मुलांचें दुखणें औषधावांचून टळेल.

मग घरीं काय करावें? पहिली गोष्ट म्हणजे रागावण्यापूर्वीं पाहावें. सुटीचे दोन दिवस घ्यावे. मूल सकाळीं उठल्यापासून निजेपर्यंत किती वेळां लघवीस गेलें, काय व किती प्यालें, कपडे केव्हां ओले झाले, तें एका कागदावर लिहावें. औषधाच्या दुकानांत मापाचें भांडें मिळतें. त्यांत एक दोन दिवस लघवी मोजली तर वर दिलेल्या हिशेबाशीं ताडून पाहतां येईल. शौचाचीही नोंद आठवडाभर ठेवावी. पुष्कळ घरांत हा कागदच अर्धे उत्तर देतो. शाळेच्या दिवशीं सकाळीं सात ते दुपारीं दोन मूल एकदांही गेलें नाहीं, असें काळ्यावर पांढरें दिसल्यावर मुलाला बोल लावण्याचें कारण उरत नाहीं. वैद्यांकडे जातांना हा कागद बरोबर न्यावा. त्याच्याइतकी उपयुक्त माहिती दुसऱ्या कशांतूनही मिळत नाहीं.

दुसरी गोष्ट कोठा साफ ठेवणें. पालेभाजी, कोशिंबीर, फळें, जाड पिठाची पोळी-भाकरी व पुरेसें पाणी हे उपाय तर आहेतच. पण मळ फार सांचला असेल तर केवळ आहारानें भागत नाहीं. बालरोगतज्ज्ञांनीं दिलेलें मळ मऊ करणारें औषध कित्येक महिने चालू ठेवावें लागतें. चार दिवसांत पोट साफ झालें म्हणून तें बंद करणें ही नेहमींची चूक आहे. ताणलेला गुदाशय पूर्वस्थितीवर येण्यास वेळ लागतो. जेवणानंतर आंतड्यांची हालचाल वाढते, म्हणून सकाळच्या न्याहरीनंतर व रात्रीच्या जेवणानंतर मुलाला पांच-दहा मिनिटें स्वस्थ बसवावें.

तिसरी गोष्ट वेळापत्रक. घाई सुटेपर्यंत थांबावयाचें नाहीं. दर दोन-अडीच तासांनीं, आली असो वा नसो, जाऊन बसावयाचें. उठल्यावर, शाळेंत निघतांना, मधल्या सुटींत, घरीं परतल्यावर, खेळावयास जाण्यापूर्वीं, जेवणाआधीं आणि निजतांना, असे सहा-सात प्रसंग सहज सांपडतात. “तुला आली आहे का?” असें विचारूं नये, खेळांत गुंगलेलें मूल नेहमीं “नाहीं” म्हणतें. “चल, वेळ झाली” असें म्हणावें. मोठ्या मुलांसाठीं न वाजतां नुसती थरथरणारीं मनगटी घड्याळें मिळतात. वर्गांत कोणाला न कळतां तीं आठवण देतात.

चौथी गोष्ट बसण्याची रीत. आपल्या जुन्या पद्धतीच्या संडासांत उकिडवें बसलें कीं मांड्या आपोआप फांकतात व पाय जमिनीवर टेकलेले असतात. सदनिकांतील उंच भांड्यावर मात्र लहान मुलाचे पाय अधांतरीं लोंबतात. आंत पडूं या भीतीनें तें अंग आवळून बसतें, आणि आवळलेल्या अंगानें पिशवी रिकामी होत नाहीं. पायांखालीं एक पाट किंवा ठेंगणें स्टूल द्यावें, बैठकीला लहान कडें बसवावें, कपडे घोट्यापर्यंत खालीं घेऊं द्यावे. धार संपल्यावर घाईनें उठवूं नये. वीसपर्यंत अंक मोजून पुन्हां एकदां प्रयत्न करावयास सांगावें.

पांचवी गोष्ट पाणी. कपडे ओले होतात म्हणून पाणी तोडणें हा उपाय नव्हे, अपाय आहे. पाणी कमी झालें कीं लघवी दाट होऊन पिशवीला झोंबते आणि मळ कठीण होतो. पांच ते आठ वर्षांच्या मुलाच्या पोटांत दिवसभरांत एक ते सव्वा लिटर पेय जावें, उन्हाळ्यांत त्याहून अधिक. आणि तें दिवसभरांत थोडें थोडें वांटून. चहा, कॉफी व फेसाळ काळीं पेयें मात्र बंद ठेवावीं.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपली वाणी. कपडे ओले झाले तर “झालें तें झालें, चल, बदलूं या,” एवढेंच म्हणावें. पांच वर्षांवरील मुलास स्वतः कपडे बदलूं द्यावे व बादलींत टाकूं द्यावे. शिक्षा म्हणून नव्हे, तर आपलें आपल्याला सांवरतां येतें हा विश्वास यावा म्हणून. पाहुण्यांपुढें किंवा भावंडांपुढें हा विषय काढूं नये. धाकट्याशीं तुलना करूं नये. कोरड्या दिवसाला बक्षीस ठेवूं नये, कारण कोरडें राहणें मुलाच्या हातांत नसतें. वेळेवर जाऊन बसणें हातांत असतें, शाबासकी त्याला द्यावी. वर्गशिक्षिकेला एकांतांत भेटून, मुलानें करंगळी वर केली कीं कांहीं न विचारतां जाऊं द्यावें, अशी विनंति करावी. दप्तरांत एक कोरडी चड्डी व एक पिशवी असावी. ती तेथें आहे एवढ्यानेंच मुलाची अर्धी धास्ती जाते.

हें सर्व नेमानें केल्यास पुष्कळ मुलांत दोन-तीन महिन्यांत फरक दिसूं लागतो. मधून मधून मागें घसरणेंही होतें, त्यानें निराश होऊं नये. परंतु कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं, तीं दिसतांच घरगुती उपायांवर वेळ दवडूं नये. मूल फार पाणी पिऊं लागलें, वारंवार लघवीस जाऊं लागलें आणि वाळूं लागलें, तर मधुमेहाची शंका धरून त्याच दिवशीं तपासून घ्यावें. लघवीस जळजळ, ताप, रक्त किंवा दुर्गंधि असल्यास लघवी तपासावी. मुलग्याची धार पहिल्यापासून बारीक असेल व जोर करावा लागत असेल, तर मूत्रमार्गांत अडथळा असूं शकतो. कंबरेच्या खालीं मणक्यावर केसांचा झुपका, खोल खळगी किंवा गांठ असेल, अथवा चालण्यांत फरक पडला असेल, तर मज्जारज्जूची तपासणी हवी.

आणि एखादी मुलगी वेळेवर, व्यवस्थित लघवी करूनही जन्मापासून एक तासभरही कोरडी राहिली नसेल, तर तिची एक मूत्रवाहिनी मूत्राशयाऐवजीं भलत्याच ठिकाणीं उघडत असण्याचा संभव असतो. अशा मुलींना वर्षानुवर्षें गलिच्छ, निष्काळजी म्हणून मार खावा लागतो. वस्तुतः जगांतील कोणताही निर्धार त्यांना कोरडें ठेवूं शकत नाहीं. शस्त्रक्रियेनें मात्र तें बरें होतें.

आणखी एक गोष्ट, बोलावयास अवघड असली तरी बोलणें प्राप्त आहे. उत्तम कोरडें राहणारें मूल कांहीं उघड कारण नसतां एकाएकीं कपडे ओले करूं लागलें, तर त्याच्या मनावर काय आलें आहे तें जवळ घेऊन विचारावें. घरांत नवें बाळ, शाळेचा बदल, आईबापांतील भांडण, वर्गांतील छळ, यांपैकीं कांहीं असेल. क्वचित् एखाद्या मोठ्या माणसानें त्याच्या अंगाशीं केलेला गैरव्यवहारही असूं शकतो. ज्या घरांत ओल्या चड्डीबद्दल मार मिळतो, त्या घरांत मूल ही दुसरी गोष्ट कधींच सांगत नाहीं.

म्हणूनच या लहानशा तक्रारीला मोठें महत्त्व आहे. मूल पहिल्यानें आपल्या शरीराविषयीं जें कांहीं आपल्याला सांगतें, तें याच वयांत, आणि बहुधा अशाच एखाद्या लाजिरवाण्या प्रसंगीं सांगतें. तें आपण कसें ऐकून घेतों यावर पुढें तें आपल्याला काय काय सांगेल, हें ठरतें. औषधें, तपासण्या, वेळापत्रकें हीं सर्व त्याच्या मागून येतात.

पुढील अंकांत मुलांच्या बद्धकोष्ठाचा स्वतंत्र व सविस्तर विचार करूं.